अस्वलाचा नमस्कार

एका गावात एक बाहुलीवाला राहत होता आणि त्याची एक हट्टी लेक होती. म्हातारा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करी. बाहुली कोणतीही असो, काठीला दोऱ्या एकाच क्रमाने बांधायच्या, ही त्याच्या घरची रीत. पहिली दोरी नमस्काराची, दुसरी चालण्याची, तिसरी नाचण्याची. पहिली ओढली की राजाची बाहुली जेमतेम मान हलवी आणि म्हातारीची बाहुली पार कमरेतून वाके. दोरी तीच, तऱ्हा ज्याची त्याची.

यंदा जत्रेतला खेळ लेकीने करायचा होता. जमला तर बाहुल्यांची पेटी तिची, फसला तर चुलत्याची, असं घरात ठरलं होतं.

बापाला, म्हणजे आबांना, चकित करायचं म्हणून तिने गुपचूप वाघ, मोर आणि एक गलेलठ्ठ अस्वल कोरलं. अस्वलाला मानच नव्हती. मग बाईसाहेबांनी तिघांच्याही दोऱ्या आपल्या मनाने, जशा सुचतील तशा बांधल्या.

आदल्या दिवशी तिने दार लावून तालीम केली. खेळातल्या राजाचा दरबार भरला, सगळ्यांनी राजाला नमस्कार करायचा म्हणून तिने सवयीने पहिली दोरी ओढली आणि मोर चालू लागला. अस्वलाने तर राजाला लाथच घातली! लेकीला रडू कोसळलं.

"काय झालं गं?" आबांनी बाहेरून विचारलं.

"आबा, ज्याला मानच नाही, त्याने नमस्कार कसा करायचा?"

"राजासारखा कशाला करायला हवा? त्याला जमेल तसा करू दे. पण दोरी पहिलीच ठेव हो."

तिघांना खेळातून वगळणं सोपं होतं. पण लेकीने डोळे पुसले, सगळ्या गाठी सोडल्या आणि घरच्या रीतीने पुन्हा बांधल्या. अस्वलाची पहिली दोरी तिने पोटाला जोडली.

जत्रेत दरबार असा भरला, की लेकीचे दोन्ही हात अडकले आणि अस्वल बाहेरच राहिलं. "आबा, धरा!" ती पडद्याआड कुजबुजली.

म्हाताऱ्याने ते अस्वल कधी पाहिलंही नव्हतं. त्याने काही न विचारता काठी उचलली आणि पहिली दोरी ओढली. अस्वल राजापुढे धप्पकन पालथं पडलं आणि त्याने लोटांगण घातलं!

लोक पोट धरून हसले. सगळ्यांत जास्त हसला तो म्हातारा. हसता हसताच त्याने पेटीची किल्ली लेकीच्या पदराला बांधली.

तात्पर्य: घरची रीत सांभाळून तिला आपली तऱ्हा जोडली, की नवी गोष्टही जुन्या हाताला परकी वाटत नाही.