मोरखिंडच्या राजांचं दही

“माझी निवड चुकली की तुझं शिकवणं चुकलं? बोल!”

मोरखिंडचे राजे जसवंतराव भर दरबारात गरजले. त्यांचा फुटबॉल संघ पुन्हा सपाटून हरला होता. दर दसऱ्याला पोरं रांगेत उभी राहत आणि राजे स्वतः खेळाडू निवडत. ज्याचं पाऊल मोठं, तो पसंत! पुढे त्यांना तयार करायचं काम रंगोजी वस्तादाचं.

रंगोजी कात्रीत सापडला. निवड चुकली म्हणावं, तर राजांचा अपमान. शिकवणं चुकलं म्हणावं, तर नोकरीवर पाणी!

“उद्या उत्तर दे, नाहीतर चंबूगबाळं आवर आणि संस्थान सोड!”

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगोजीऐवजी त्याची लेक गोजरा आली. हातात झाकलेलं मडकं.

“सरकार, उत्तर यात आहे. आत्ताच दूध विरजलंय. संध्याकाळी दही लागलं की उत्तर मिळेल. तोवर मडकं आपल्याजवळच असू द्या.”

“एवढंच ना?” राजे खूश. दही म्हणजे त्यांचा जीव की प्राण!

गोजराची पाठ वळते न वळते तोच राजांनी झाकण उघडलं. “अजून पातळच!” म्हणत बोटाने ढवळलं. मग मडकं खिडकीत ठेवलं. तिथून चुलीपाशी नेलं. विरजण कमी पडलं असेल म्हणून वर पळीभर ताक ओतलं. दुपारी तर मांडीवर घेऊन त्याला दटावलं, “लाग की रे, आळशा!” दिवाणजी दोनदा खाकरले, पण राजांना सांगणार कोण?

संध्याकाळी गोजरा परत दरबारात आली, तेव्हा मडक्यात खाली चोथा आणि वर नुसतं पाणी!

“पोरी, दूधच नासकं दिलंस!” राजे कडाडले.

गोजराने पदराआडून दुसरं मडकं काढलं आणि थेट राजांच्या डोक्यावर उपडं धरलं! राजांनी डोळे घट्ट मिटले. पण एक थेंब पडेल तर शपथ!

“एकाच म्हशीचं दूध, विरजणही तेच. हे मी कोपऱ्यात ठेवलं आणि विसरून गेले. आता सरकारांनीच सांगावं, दूध वाईट की विरजण वाईट?”

राजांनी एक डोळा उघडला. “दोन्ही चांगली. आधी ते सरळ धर!” मग त्यांचं लक्ष आपल्याच दह्याने माखलेल्या बोटाकडे गेलं. “म्हणजे मी... पण संघात मी कुठे बोट घातलं?”

“गोलकीपरला पुढे कुणी धाडलं?”

“उंच आहे तो!”

“अन् मध्यंतरात पोरांना घोड्यावर कुणी बसवलं?”

“त्याने दम वाढतो!”

“सरकार, खेळ पुन्हा सुरू झाला तरी घोडा आवरेना, चेंडूसकट गोलमध्ये घुसला! आपला एकुलता एक गोल त्यानेच केला, तोही आपल्यावरच!”

आधी दिवाणजी फिसकन हसले. मग राजे असे खो खो हसले की त्यांचा फेटा सुटला. रंगोजीची नोकरी तहहयात पक्की झाली आणि गोजराच्या हातात सोन्याचे तोडे चढले.

“पोरी, आणखी काय हवं ते माग!”

“पुढच्या सामन्याला ताकाने काठोकाठ भरलेलं मडकं मांडीवर घेऊन बसा. उठलात की सांडलं!”

“कबूल!” राजांनी डोळे पुसले आणि हळूच घट्ट दह्याच्या मडक्याकडे पाहिलं. “यात तरी बोट घालू ना?”

“खुशाल घाला, सरकार! ते आता लागलंय!”