शंभर रकाब्या आणि एक डाग

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याच्यापेक्षा देखणी त्याची भांडी होती.

चिनी मातीची. चहाच्या पत्तीत पुरून, सात महिने गलबतातून आलेली. सायीसारखी पांढरी, उन्हात धरली तर पलीकडची बोटं दिसावीत. शंभर रकाब्या, शंभर निळे मोर. एकेक पीस सुट्टं रंगवलेलं, आणि दोन मोरांत केसाचा फरक नाही. माणसाच्या हातून असं होतं, हे पाहिल्याशिवाय पटायचं नाही.

पण प्रत्येक मोराच्या डोळ्यावर डाग होता.

तिकडच्या चिताऱ्यांची रीतच तशी. गिऱ्हाइकानं कागदावर नमुना पाठवायचा, त्यांनी तो तस्सा उतरवायचा. कमी नाही, जास्ती नाही. मोर त्यांनी पाहिला होता कुठे? राजाच्या कागदावर डाग होता, त्यांनी शंभर वेळा डाग काढला.

राजा भडकला. रकाब्या तळघरात टाकायला सांगितल्या, गलबताबरोबर आलेल्या म्हाताऱ्या चिताऱ्याला हाकललं. म्हातारा होता जादूगार.

"ज्याची चूक, तो कबूल करेपर्यंत हा डाग तुझ्या लेकीच्या डोळ्यांवर राहील," एवढं बोलून तो शंभराव्या रकाबीत शिरला आणि मोरामागच्या निळ्या झाडाखाली पाठ करून बसला. त्याच क्षणी राजकन्या सुनेत्रा आंधळी झाली.

राजानं दवंडी पिटवली, डाग ज्याचा, त्याचा हात तोडीन. मग काय! कोण तोंड उघडतंय?

राजवाड्यात भांडी धुणारी रेवाक्का होती. सुनेत्रेला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलेलं. पोर भिंती चाचपत चालताना तिला बघवेना. फळीवर त्याच गलबतातून आलेली किटली होती, तिच्यावर राघू रंगवलेला. रेवाक्का त्याला म्हणाली, "रोज अंघोळ घालते तुला. कधी उपयोगी पडणार?"

राघू बोलला, "तीन कामं कर. खजिन्यातून नमुन्याचा कागद आण. शंभर रकाब्या न टवकता दरबारात मांड. मग डाग नीट बघ."

"एवढंच? मला वाटलं, वाघिणीचं दूध सांगतोस."

"आधी कर. मग बोल."

खजिना शापित होता. सोन्याला शिवेल तो दगड होई. असे कितीक दगड तिथे हात पुढे करून उभे होते. राखणदार नागानं फणा काढला. "सोनं की रत्नं?"

"कागद."

नाग गडबडला. "शंभर वर्षांत कुणी कागद मागितला नाही. ने, बाई."

तळघराच्या पायऱ्या मंतरलेल्या. दर खेपेला एक पायरी वाढे. रेवाक्कानं दोन रकाब्यांमध्ये चिंधी घातली, दहा-दहाची चळत छातीशी धरली आणि पायानं चाचपत चढली. दहा खेपा झाल्या. टवका एक नाही.

दरबारात उन्हात तिनं डाग पाहिला आणि तोंडात बोट घातलं. डागात रेषा होत्या! कुंचल्याच्या एका केसानं काढलेल्या, गोल गोल.

"हा नुसता डाग नाही," ती म्हणाली. "अंगठा आहे. आणि अंगठ्यावर आडवा जुना व्रण."

कागदावरही तोच ठसा, विड्याच्या काथाचा. प्रधानानं अंगठा दाखवला, कारकुनांनी दाखवला. कुणाचाच जुळेना.

"महाराज, आपला राहिला," रेवाक्का म्हणाली.

"जीभ आवर!" सेनापती ओरडला.

"जीभ नंतर. आधी अंगठा."

राजानं मूठ उघडली. लहानपणी तलवारीचा लागलेला व्रण होता तिथे, आडवा. विडा चघळत त्यानंच तो नमुना पसंत केला होता.

सिंहासनाशेजारून सुनेत्रा म्हणाली, "बाबा, बोला ना काहीतरी. मला आता ऐकूच येतं फक्त."

राजानं मुकुट काढून ठेवला. "चूक माझी. मोराला आंधळं मी केलं." आणि आपल्याच दवंडीप्रमाणे त्यानं हात पुढे केला.

शंभराव्या रकाबीत म्हातारा वळला. बाहेर पाऊल टाकून म्हणाला, "हात राहू दे. माझं काम नीट बघणारं कुणीतरी निघालं, बास."

सुनेत्रेचे डोळे निवळले. खजिन्यातले दगड माणसं होऊन घरी गेले. सुनेत्रेनं पहिली रकाबी उचलली. "केवढा देखणा मोर! आणि बाबांचा अंगठा तर हुबेहूब!"

"तो पुसता येईल?" राजानं हळूच विचारलं.

"झिलईखालचा रंग जात नाही, महाराज," म्हातारा म्हणाला.

तेव्हापासून राजा त्याच रकाबीत जेवतो आणि कागदाला हात लावण्याआधी हात धुतो. रकाब्या धुते रेवाक्काच. दुसऱ्या कुणाला ती शिवू देत नाही, राजालाही नाही.

डाग रकाबीवर राहिला, राजकन्येला उजेड मिळाला. गोष्ट इथे पालथी घालून ठेवली.