हातभर उंचीचा ओटा

एकदा एक वृद्ध सुतार आपल्या शिष्याला घेऊन धान्याच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला गेला. काम म्हणाल तर अगदी किरकोळ. घराच्या मागच्या दाराला लागून एक लाकडी ओटा करायचा होता. उंबऱ्याच्या पातळीत, जमिनीपासून जेमतेम हातभर उंच, चार माणसं मांडी घालून बसतील एवढाच. व्यापाऱ्याची आई वर्ष-सव्वा वर्षापूर्वी याच दाराच्या पायऱ्या उतरताना पडली होती आणि तिचा खुबा मोडला होता. चौदा महिने तिच्या अंगाला ऊन लागलं नव्हतं. आता ती काठी टेकत घरात चालत असे, पण पायरी उतरायची म्हटली की तिला कापरं भरे. तिची एकच इच्छा होती. यंदा रथसप्तमीचं दूध सूर्यासमोर बसून आपल्या हातांनी उतू घालवायचं.

रथसप्तमी सात दिवसांवर आली होती. वृद्धाने जागा पाहिली, चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या आणि शिष्याला सांगितलं, "खणत जा. पिवळा मुरूम लागेपर्यंत थांबू नकोस. पहार टणकन वाजली पाहिजे. मग दगड भरून धुम्मस कर आणि वर तळखडा बसव." धुम्मस करणं म्हणजे भरलेलं ठोकून ठोकून घट्ट बसवणं आणि तळखडा म्हणजे लाकडी खांबाखालचा बैठा दगड. एवढं सांगून तो दुसऱ्या गावी देवळाचं दार बसवायला निघून गेला. सप्तमीच्या सकाळी परत येतो म्हणाला.

शिष्य हुशार होता. हुशार माणसांचं एक असतं, त्यांना काम लवकर समजतं आणि म्हणून ते लवकर संपावं असंही वाटतं. तीन खड्ड्यांत गुडघ्याच्या वर जाण्याआधीच मुरूम लागला. चौथ्यात लागेना. काळी माती, राख, कोळसे, फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या. पूर्वी कधी तरी तिथे घरचा राखखड्डा असावा. कमरेएवढं खणून झालं, छातीएवढं खणून झालं, तरी पहार भसकन आत जातच होती.

खड्ड्यात उभा राहून त्याने घाम पुसला आणि मनाशी हिशेब मांडला. मला काय इथे माडी चढवायची आहे? हातभर उंचीचा ओटा! खचला तरी खचून किती खचेल? आणि हातभरावरून पडून कोणाचं काय होतं? त्याने उकरलेली बरीचशी राखमातीच पुन्हा खड्ड्यात लोटली, उरलेली परसाच्या कडेच्या ढिगात टाकली, वर चार घमेली खडी टाकली, धुम्मस मारल्यासारखी केली आणि तळखडा ठेवून दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. वर सागवानी फळ्या अशा सफाईने जोडल्या की शेजारचे लोक हात फिरवून पाहू लागले. शिष्य हसून मान डोलवी. मात्र कोणी चौथ्या कोपऱ्याशी जाऊन उभं राहिलं की बोलण्यात गुंतवून तो त्याला दुसरीकडे नेई.

सप्तमीच्या सकाळी वृद्ध आला. परसात गोवऱ्या रचून तयार होत्या. म्हातारी नवं लुगडं नेसून दारात उभी होती, हातात काठी, डोळे उन्हाकडे. सगळं घर तिच्या मागे गोळा झालं होतं. वृद्धाने ओट्याभोवती एक फेरी मारली, परसाच्या कडेला टाकलेल्या मातीच्या ढिगापाशी क्षणभर थांबला आणि परत आला.

"आजी, घटकाभर दारातच थांबा. उंबरा ओलांडू नका," तो म्हणाला. "शेठ, ज्वारीची दहा पोती आणवा. ओट्यावर रचायची आहेत."

पोती आली, रचली. ओटा तसूभर हलला नाही. व्यापाऱ्याने खूश होऊन शिष्याच्या पाठीवर थाप मारली. शिष्याचा जीव भांड्यात पडला.

"आता पाणी," वृद्ध म्हणाला. "प्रत्येक कोपऱ्याच्या मुळाशी चार घागरी. तू ओत."

हे ऐकून व्यापारी वैतागला. "अहो मिस्त्री, सूर्य वर आला! दहा पोती पेलली ना त्याने? उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

वृद्धाने शिष्याला नुसती खूण केली. शिष्याने घागर उचलली. पहिल्या कोपऱ्यावर पाणी साचलं आणि सावकाश जिरलं. दुसऱ्यावर तसंच. तिसऱ्यावरही तसंच. चौथ्याकडे जाताना तो रेंगाळला. वृद्ध तर त्याच्याकडे पाठ करून म्हातारीशी बोलत उभा होता. घागर थोडी पलीकडे रिकामी केली असती तर कोणाला कळलं असतं? ठेच लागल्याचं निमित्त करून सांडताही आली असती. त्याने मान वर केली. म्हातारीला धीर निघत नव्हता. तिचं एक पाऊल उंबऱ्यावर आलं होतं. सुरकुतलेलं, थरथरणारं, आणि अंगठा फळीकडे वळलेला.

शिष्याने घागर खाली ठेवली.

"आबा," तो म्हणाला. "इथे मुरूम लागला नव्हता."

वृद्ध वळला. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना नवल. "ओत," तो म्हणाला.

पहिली घागर जमिनीने गटकन गिळली. दुसरी ओतली तेव्हा मातीतून बुडबुडे आले. तिसरी निम्मी झाली असेल नसेल, तोच कडकन आवाज झाला, कोपरा वीतभर खाली गेला आणि वरचं पोतं घसरून धप्पकन खाली पडलं. म्हातारीने पाऊल मागे घेतलं.

मग व्यापारी भडकला. "कारागीर म्हणवता स्वतःला? आज माझी आई इथे बसणार होती!"

शिष्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मला वाटलं, हातभर तर उंची आहे," एवढंच तो म्हणू शकला.

वृद्ध त्याच्याजवळ जाऊन खाली बसला. "माडी बांधायची असती तर तू असं केलं नसतंस. माडी पडली तर माणसं मरतात. तिथे भीतीच तुझ्याकडून खणून घेते, त्यात तुझा मोठेपणा नाही. पण माडीवर चढतं कोण? ज्याचे गुडघे धड आहेत तो. हातभर उंचीचा ओटा मागतं ते माणूस, ज्याला एक पायरीसुद्धा उतरवत नाही. तुझं हातभर या आजींना कड्याएवढं आहे. काम उंच किती, ते बघत बसू नकोस रे. त्यावर पाऊल कोणाचं पडणार आहे ते बघ, आणि तेवढं खोल जा."

"आबा, तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"ढिगात राख दिसली. राखेखालचा मुरूम तू गाठलास की नाही, ते ठाऊक नव्हतं. मी विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतंस?"

शिष्याने मान खाली घातली. उत्तर त्याला माहीत होतं, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटली.

"आई, तुझी सप्तमी गेली गं," व्यापारी म्हणाला.

"सूर्य काय आजच्यापुरताच उगवलाय?" म्हातारी म्हणाली. "चौदा महिने थांबले, तिथे अजून चार दिवस. दूध आज दारातूनच दाखवा देवाला." मग तिने काठी शिष्याकडे रोखली. "पण लेकरा, पक्कं कर बरं का. मोडायला आता एकच खुबा उरलाय माझा."

हसू कोणाला आवरलं नाही. शिष्य मात्र हसला नाही. त्याने पोती उतरवली, फळ्या सोडवल्या आणि खड्ड्यात उतरला. राख उपसत तो पुरुषभर खाली गेला आणि त्याखाली आणखी हातभर. दुसऱ्या दिवशी दुपारी पहार टणकन वाजली तेव्हा त्याने खात्रीसाठी आणखी तीनदा मारून पाहिली. मग थराथराने दगड भरले, प्रत्येक थरावर पाणी मारलं, हातांना फोड येईतो धुम्मस केली.

पाचव्या दिवशी सकाळी वृद्धाने चारही कोपऱ्यांना पाणी पाजलं आणि म्हातारीला खूण केली. तिने उंबरा ओलांडला. शिष्य चौथ्या कोपऱ्याशी उकिडवा बसून होता, नजर तिच्या पावलांवर. काठी फळ्यांवर ठक ठक वाजत आली. ऊन नेमकं त्याच कोपऱ्यावर पडलं होतं, आणि म्हातारी तिथेच जाऊन टेकली. तिने पाय पसरले, डोळे मिटले आणि सुनेला हाक मारली, "अगं, दूध आण लवकर. आणि माझी तपकीर आत राहिली, तीही आण."

ओट्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. एरवी शिष्याला हे लागलं असतं. त्या दिवशी तो नुसता बघत राहिला. दारापासून कोपऱ्यापर्यंत चालताना म्हातारीने एकदाही खाली पाहिलं नव्हतं.

त्याने हत्यारं गोळा केली आणि आबांच्या मागोमाग निघाला.