पापण्या विकणारा माणूस

कवडसेवाडी नावाची एक इवलीशी वाडी होती, बरं का! पुढं झुळझुळ नदी, मागं गर्द हिरवी देवराई, आणि मधे एका झोपडीच्या अंगणात उन्हात पसरलेल्या बांबूच्या कामट्या. त्या गोजराच्या आईच्या. आई टोपल्या, सुपं आणि तांदूळ धुवायच्या रोवळ्या विणायची आणि बाजारात विकायची. टोपली खपली तर भाकरी, नाही खपली तर कण्यांची पेज. पेजेत चिमूटभर मीठ असलं की गोजरा टाळ्या पिटून म्हणायची, "आज मेजवानी!" अशी गुणाची पोर हो ती.

पण त्या घराला एक दुःख होतं. गोजराचा धाकटा भाऊ सोपान. थंडीत त्याला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना पोराचा आवाजच घेऊन गेला. आधी सोपान म्हणजे नुसती टकळी! मुंगीला विचारेल तुझं घर कुठं, भाकरीला विचारेल तू फुगलीस का. "अरे, गप बस की जरा," म्हणून सगळे दमायचे. आता तो ऐकायचा, हसायचा, मान हलवायचा. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. आई विणता विणता त्याच्याकडं बघायची आणि तिचे हात थांबायचे.

गोजराला एकच उपाय ठाऊक होता. तुम्हालाही असेल. पापणीचा केस गळला की मूठ वळायची, तो मुठीच्या पाठीवर ठेवायचा, डोळे मिटून मनातल्या मनात मागायचं, आणि फूऽऽ! केस उडाला की मागणं परीकडं पोचतं. नियम मात्र कडक हं. केस आपणहून गळलेला पाहिजे, उपटलेला चालत नाही. फुंकर एकच. आणि काय मागितलं ते मागणाऱ्यानं कुणाला सांगायचं नाही. गोजरा सगळे नियम पाळायची. गालावर पापणी दिसली रे दिसली की देवराईच्या कडेला पळायची आणि मागायची, 'माझ्या सोपानला बोलू दे.' पापणी भुर्र उडायची, सोपान मात्र मुकाच.

एकदा बाजाराच्या दिवशी आई डोक्यावर टोपल्यांची उतरंड घेऊन पुढं गेली. मागून गोजरा निघाली. एका हातात सोपानचं बोट, दुसऱ्या हातात आईनं जीव ओतून विणलेली नवी रोवळी. वाट देवराईतून होती. पानापानांतून सोन्याचे कवडसे सांडले होते, निळी-निळी फुलपाखरं भिरभिरत होती. इतक्यात झाडाआडून आवाज आला, "शुक शुक!"

बघते तर काय, एक अनोळखी माणूस! एवढ्या उन्हात अंगात लांबलचक कोट. तोंड हसतंय, डोळे मात्र इकडंतिकडं बघताहेत.

"इकडं ये, पोरी. घाबरू नको. भारी माल आहे, तुलाच दाखवतो." त्यानं कोट उघडला, आणि गोजराचे डोळे दिपले. आत चिमुकल्या डब्याच डब्या! डाळिंबी, मोरपंखी, हळदी, जांभळ्या, आणि प्रत्येकीवर इवल्या आरशांची चमचम.

"काय आहे ह्यात?" गोजरानं विचारलं.

"इच्छा! तयार इच्छा! आतली पापणी मुठीवर ठेवायची, आपलं मागणं म्हणायचं, फुंकर मारायची. बास. हमखास गुण."

"पण पापण्या कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? माझ्याच की!"

गोजरानं त्याच्या डोळ्यांकडं निरखून पाहिलं. "तुमच्या तर सगळ्या जागेवर आहेत."

माणूस खोकला. "फार चौकस बुवा तू! मामाच्या बागेतल्या आहेत म्हण. दूध प्यावं, गाय कुणाची ते पुसू नये. तुझा हा भाऊ बोलत नाही ना? मला सगळं ठाऊक आहे. पैसे नकोत मला, फक्त ती रोवळी दे. काय बारीक वीण आहे! केससुद्धा निसटायचा नाही."

गोजरानं रोवळी पाठीमागं लपवली. रोवळी आईची. ती न विचारता द्यायची कशी? पण मग तिनं सोपानकडं पाहिलं. तो तोंडाचा चंबू करून शीळ घालू बघत होता आणि नुसतीच हवा येत होती. गोजराचा जीव कळवळला. तिनं रोवळी देऊन टाकली.

माणसानं टिचकी मारून एक हळदी डबी उघडली आणि तिच्या हातावर ठेवली. मग तो खाली वाकला. हसू कुठच्या कुठं गेलं होतं. "कुणाला सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही. सांगितलंस, तर तुझा भाऊ जन्मात बोलणार नाही." एवढं बोलून तो झाडांत शिरला.

गोजरानं पापणी मुठीवर ठेवली. डोळे मिटले. आणि मागणार, तोच पापणीतून बारीकसा आवाज आला, "माझ्या बाबाला घरी येऊ दे. एकदा तरी येऊ दे."

अगंबाई! गोजरानं कान जवळ नेला. पुन्हा तेच. कुठल्याशा गावातलं कुठलंसं लेकरू, आणि त्याचं एवढंसं मागणं. त्याच्यावर आता गोजरानं आपलं मागणं ठेवायचं? म्हणजे त्या लेकराचा बाबा यायचाच नाही! तिला रडूच कोसळलं. सोपाननं तिचे गाल पुसले. मग गोजरानं मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "ज्याची आहेस, त्याचंच काम कर गं बाई." आणि फूऽऽ!

पापणी उडाली, सोन्यासारखी लखलखली, आणि हवेतच कुणीतरी ती दोन्ही हातांनी झेलली. एक परी! बोटाएवढी! चतुरासारखे झिरझिरीत पंख, शेवरीच्या कापसाचा पांढराशुभ्र झगा, आणि पाय अनवाणी. धापा टाकत ती म्हणाली, "आली! एक तरी आली!"

"तू कोण?" गोजरानं डोळे पुसत विचारलं.

"मी पापण्यांची परी. तुम्ही उडवलेली पापणी मी माझ्या बागेत पेरते. तिचं फूल उमललं की मागणं पुरं होतं. पण हा मेला वाटेतच पापण्या झेलतो आणि डब्यांत कोंडतो. बाग सुकली गं माझी."

"म्हणजे माझ्या पापण्यापण…"

"त्याच्याच कोटात आहेत, बाळ."

"मग सोडव ना त्यांना!"

परीनं मान हलवली. "मला नाही सोडवता येत. त्या डब्या 'कुणाला सांगू नको' ह्या धाकानं बंद होतात. ज्याला त्यानं तो धाक घातला, त्यानंच मोठ्यानं सांगून टाकलं, आणि ते त्या मेल्याच्या कानावर गेलं, की त्या उघडतात."

गोजरा घाबरून मागं सरली. "पण मी सांगितलं, तर सोपान जन्मात बोलणार नाही म्हणाला तो!"

परी तिच्या मुठीवर येऊन बसली. "ते खरं की खोटं, मला नाही सांगता यायचं. मी आपली पापण्यांची परी. पण मला सांग, तुझी आई माल कसा विकते?"

गोजराच्या डोळ्यांपुढं आई आली. भर बाजारात, भर उन्हात आई ओरडायची, "या, बघा, उजेडात धरून बघा! खालून बघा, वरून बघा! वीण चुकली असेल तर परत आणा!" अख्ख्या बाजाराला ऐकू जायचं. आईनं कधी कुणाच्या कानात टोपली विकली नव्हती.

गोजरानं सोपानचं मनगट घट्ट धरलं आणि धूम ठोकली.

"रोवळी कुठाय गं?" आईनं पहिलंच विचारलं. झालं! गोजराचा बांध फुटला. तिनं भर बाजारात, हुंदके देत, मोठ्या मोठ्यानं सगळं सांगितलं. झाडाआडचा माणूस सांगितला, डब्या सांगितल्या, रोवळी दिली ते सांगितलं, धमकीही सांगितली. "आई, माझं चुकलं. आता सोपान बोलायचा नाही का गं?"

आईनं तिला पोटाशी धरलं. "रोवळी काय, दहा विणीन. तू मला सांगितलंस, फार बरं केलंस." मग ती उठली, पदर खोचला, आणि तिच्यामागं बाजारातल्या सगळ्या बायका निघाल्या.

तो माणूस देवराईच्या कडेला रोवळी उंच धरून पापण्या झेलतच होता.

"काय रे मेल्या!" आई कडाडली. "माझ्या लेकीला झाडाआड बोलावतोस, आणि वर आईला सांगू नको म्हणतोस? आता मला सांग, माल कुणाचा?"

तो त त प प करायला लागला, आणि त्याच्या कोटात लाह्या फुटाव्यात तशा डब्या फुटल्या. फट फट फटाफट! रोवळी टाकून, रिकामा कोट सावरत तो जो पळाला, तो नदीपार होईपर्यंत थांबला नाही.

सोनेरी पापण्या हवेत तरंगत राहिल्या, परीही झाडांतून भिरभिरत तिथं आली, आणि पापण्यांतून पोरांचे आवाज यायला लागले. "आईच्या पायाची भेग बरी होऊ दे." "आजोबांना दिसू दे." भाजीवाल्या काशीबाईंनी आपल्या लेकीचा आवाज ओळखला आणि तोंडाला पदर लावला. मग एक आवाज पुन्हा पुन्हा यायला लागला, "माझ्या सोपानला बोलू दे. माझ्या सोपानला बोलू दे." आई मटकन खालीच बसली.

आणि शेवटी एक छोटीशी पापणी पुढं आली. तिच्यातला आवाज थंडीनंतर कुणीच ऐकला नव्हता. "माझ्या ताईला पाहिजे ते मिळू दे. काय पाहिजे ते ती सांगत नाही. पण रोज फू फू करते आणि रडते."

सोपानचा आवाज! मनातल्या मनात तो बोलतच होता की! गोजरानं त्याला उचलून छातीशी धरलं. पण लगेच तिला तो कडक नियम आठवला. "परीताई, सगळ्यांनी ऐकलं! आता मागणी फळायची नाहीत का?"

परी खुदकन हसली. "मागणाऱ्यानं सांगायचं नाही, एवढाच नियम. चोरानं डब्यांत कोंडली म्हणून ऐकू आली, त्यात मागणाऱ्याचा काय दोष?"

आईनं रोवळी उचलून पुढं केली. "ही ने गं बाय. एकही निसटायची नाही."

पापण्या भराभरा रोवळीत उतरल्या. रोवळी पिसाइतकी हलकी झाली आणि परीच्या बोटाला धरून वर वर निघाली. गुलाबी, केशरी, पोपटी उजेड भिंगरीसारखा फिरला, देवराईचं पान अन् पान झगमगलं, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली. लांबच्या एका गावात त्याच घडीला कुणाचा तरी बाबा दारात येऊन उभा राहिला.

इकडं देवराई शांत झाली. सगळे सोपानकडं वळले.

"ताई," सोपान म्हणाला, "परीच्या पायात चपला नव्हत्या. काटा टोचला म्हणजे?"

मग काय विचारता! गोजरा हसत होती, रडत होती, आणि आई नुसतीच त्याच्या तोंडावरून हात फिरवत होती. सोपानचं मात्र सुरूच. थंडीपासून साठलेलं सगळं त्याला आजच सांगायचं होतं. मांजरीनं दूध कसं सांडलं, नदीत मोठा मासा कसा दिसला, ताई झोपेत कशी घोरते. घर आलं, पेज झाली, अंथरुणं पडली, तरी त्याची टकळी चालूच, आणि त्याला गप बस म्हणायला त्या घरात कुणीही तयार नव्हतं.