मुंगीचा शब्द आणि दाराची कडी

कॉम्प्युटरच्या पोटात एक मुंगी राहायची. इवलीशी, पण राग नाकाच्या शेंड्यावर.

बाहेर केतकीनं बटणं दाबली. टक टक टक. "आजी ये." मुंगीनं अक्षरं पाठीवर घेतली आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. लांब आजीच्या कॉम्प्युटरच्या काचेवर न्यायची होती. पण जायला दार एकच.

मुंगीनं "आ" ठेवला. तेवढ्यात भुंगा घुसला, धप्पकन. त्यानं मध्येच आपलं "गुं" ठेवलं. मग मुंगीनं "जी ये" ठेवलं.

काचेवर काय उमटलं? "आगुंजी ये."

आजी म्हणाली, आगुंजी कोण बाई? मला नाही बोलावलं. आणि बसली घरीच.

मुंगी अशी चिडली, अशी चिडली! मध्येच घुसायचं, ही काय रीत झाली?

ती दाराला म्हणाली, "दारा दारा, लाग बघू." दार म्हणालं, "कडी आण. मग लागेन."

मुंगी गेली झुरळाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"झुरळा झुरळा, कडी दे. कडीशिवाय दार लागेना, केतकीची आजी येईना."
"कडी गंजलीय. तेल आण. मग देईन."

मुंगी गेली पालीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"पाली पाली, तेल दे. तेलाशिवाय झुरळ कडी देईना, कडीशिवाय दार लागेना, केतकीची आजी येईना."
"अंधारात दिसेना. दिवा आण. मग देईन."

मुंगी गेली काजव्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"काजव्या काजव्या, दिवा आण. दिव्याशिवाय पाल तेल देईना, तेलाशिवाय झुरळ कडी देईना, कडीशिवाय दार लागेना, केतकीची आजी येईना."
"वाटेत भुंगा बसलाय. त्याला उठव. मग येईन."

भुंगा बसला होता दारातच, ऐसपैस.
"भुंग्या भुंग्या, ऊठ. तू उठल्याशिवाय काजवा येईना, दिव्याशिवाय पाल तेल देईना, तेलाशिवाय झुरळ कडी देईना, कडीशिवाय दार लागेना, केतकीची आजी येईना."
भुंगा म्हणाला, "माझं एक गुं राहिलंय. मध्येच कुणी घुसलं तर? आधी दार लागू दे. मग उठेन."

ऐकलंत? हा म्हणतो, कुणी घुसलं तर!

दार थांबलंय भुंग्यासाठी. भुंगा थांबलाय दारासाठी. अशानं आजी यायची कधी?

मुंगी भुंग्याच्या ढुंगणाला कडकडून चावली. कच्च!

भुंगा उठला, भुर्रर्र. काजवा आला, लुकलुक. पालीनं तेल दिलं, टपटप. झुरळानं कडी दिली, खळखळ. मुंगी अक्षरं पुन्हा पाठीवर घेऊन आत गेली. दार लागलं, खट्ट!

आता "आ". आता "जी". आता "ये". मध्ये कुण्णी नाही.

आजीनं वाचलं, "आजी ये." चपला घातल्या, फटक फटक, आणि आली की केतकीकडे.

मुंगीनं लगेच कडी काढली. दार अडवून बसायला ती काय भुंगा आहे? मग भुंगा आत गेला, त्यानं कडी लावली. त्याचंही "गुं गुं" अख्खं गेलं.

आणि मुंगी? ती दाराबाहेर पाय रोवून उभी. आता घुसून दाखवा कुणी मध्येच.