नव्या गिटारीचा ओरखडा

वाद्यांना माणसांइतकीच बोलायची खोड होती, तेव्हाची ही गोष्ट. वसईतल्या एका दुकानाच्या भिंतीवर एक कोरी इलेक्ट्रिक गिटार येऊन लटकली. लोकांना जुन्या दिसणाऱ्या वस्तूंची भारी हौस, म्हणून कारखान्यातच पॉलिशपेपरने घासून तिला म्हातारी केली होती. वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो तिथला रंग तर मुद्दाम उडवलेला.

शेजारी दुरुस्तीला आलेली, खरोखरची जुनी गिटार होती. तिने मायेने विचारलं, "एवढी झिजलीस गं! कुणी वाजवली तुला?"

"वरातीत वाजलेय, मावशी," नवी बोलून गेली, आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मावशी रोज विचारायची, कुणाची वरात? नवरी कुठली? नवी दर वेळी वेगळंच सांगायची. दाराशी पाऊल वाजलं, की आपलं बिंग फोडणारं कुणी आलं की काय, म्हणून तिच्या तारा थरथरायच्या.

एके दिवशी सेलीन नावाची डावखुरी मुलगी आली. तिने नवी गिटार उलटी करून गळ्यात अडकवली. घासलेला भाग खाली गेला आणि सेलीनचा डावा हात चकचकीत, कोऱ्या रंगावर टेकला. गाणं रंगात आलं आणि तिच्या मनगटातलं कडं खर्रकन त्या रंगावरून गेलं.

"अगं, ओरखडा पडला!" दुकानदार कळवळला.

गिटारीलाही झोंबलं होतं. तरी ती भिंतीकडे पाहून ओरडली, "मावशी, आता विचार! हा कुठला, ते विचार ना!"