भरलेली बंदूक, भरलेला पेला

घाटात रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

घाटमाथ्यावर राजाची चौकी होती. तिथे सटवाजी नावाचा पहारेकरी होता. माणूस मोठा धाडसी. वाटसरूंना लुटणाऱ्या टोळीतले दोघे त्याने एकट्याने पकडून दिले. राजाने खूश होऊन त्याला चापाची बंदूक दिली. पण टोळीचा नायक मात्र निसटला. पळता पळता तो ओरडला, "सटवाजी, तुझं घर मला ठाऊक आहे!"

त्या एका वाक्याने सटवाजीचं चित्त उडालं.

पहारा संपला की बंदूक चौकीत ठेवून घरी जायचं, असा नियम होता. सटवाजी ती घरी आणू लागला, तीही भरलेली. जेवायला बसला तरी ती मांडीवर. कौलावर मांजर धावलं की घास हातातच राही. कवाड करकरलं की ताडकन उभा. मन थाऱ्यावर यावं म्हणून तो मोहाची दारू पिऊ लागला. आधी एक पेला, मग दोन, पुढे मोजणं सुटलं. पण भीती काही गेली नाही. उलट एका सावलीच्या दोन सावल्या दिसू लागल्या.

त्याची बायको म्हाळसा एके दिवशी म्हणाली, "अहो, प्यायचं असेल तर बंदूक चौकीत ठेवून या. बंदूक हवीच असेल तर पेला पालथा घाला. एक दारू नळीत, एक पोटात. एका घरात दोन्ही नकोत."

"तुला काय कळतंय? तो आला म्हणजे?"

"तो येईल तेव्हा येईल. मला आत्ता तुमचीच भीती वाटते."

सटवाजी हसला. "अगं, चार पेले पोटात गेले तरी माझा नेम चुकत नाही."

"चुकत नाही, म्हणूनच भीती वाटते," म्हाळसा म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. तेव्हापासून घरात पाऊल टाकण्याआधी ती बाहेरूनच हाक देई, "मी आहे हो, मी!" शेजारी अंगणाच्या कडेलाच थांबून खाकरत. 'कोण?' म्हणून आतून आवाज आला, की पटकन आपलं नाव सांगत. सगळ्या वाडीला ही सवय झाली.

सटवाजीचे वडील, आबा, घाटाखालच्या गावी थोरल्या लेकाकडे राहत. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शिवाय ते कानांनी ठार बहिरे होते.

वैशाखातल्या एका दुपारी आबांना धाकट्या लेकाची आठवण आली. झाडाचा पिकलेला फणस त्यांनी खांद्यावर घेतला, उन्हासाठी डोक्यावरून धोतराचं पान ओढलं आणि घाट चढून ते घराच्या मागच्या दाराशी आले.

सटवाजी आत पीत बसला होता. म्हाळसा विहिरीवर गेली होती. मागच्या दारात सावली हलली. माणूस होता, तोंड झाकलेलं, खांद्यावर काहीतरी जड.

"कोण आहे? नाव सांग!"

उत्तर आलं नाही. सावली पुढे सरकली.

"थांब! नाहीतर गोळी घालीन!"

सावली थांबली नाही. शुद्धीत असता तर सटवाजीने ती चाल दहा हातांवरून ओळखली असती. त्याच चालीच्या मागे धावत तो लहानाचा मोठा झाला होता. पण त्या घटकेला त्याला फक्त वैरी दिसला. त्याने चाप ओढला.

"अहो, आबा आहेत ते!" म्हणत म्हाळसा घागर टाकून धावली. ती पोचली तेव्हा घर धुरानं भरलं होतं.

गोळी उजव्या खांद्यात शिरली होती. वैद्याने महिनाभर झटून आबांचा जीव वाचवला. हात मात्र कायमचा लुळा पडला.

राजाचा सरदार चौकशीला आला. त्याने बंदूक काढून घेतली, चाकरीवरूनही दूर केलं. जाताना म्हणाला, "ज्याची तू वाट पाहत होतास, तो नायक तर हिवाळ्यातच तापानं मेला."

सटवाजी खाली मान घालून उभा राहिला. त्या दिवसापासून त्याने दारूला हात लावला नाही. आबांना त्याने आपल्याकडेच ठेवून घेतलं. तो त्यांना आपल्या हाताने भरवी, अंघोळ घाली. एकदा तो त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडला. आबांनी डावा हात त्याच्या पाठीवरून फिरवला.

"तुला दिसलं नाही, मला ऐकू आलं नाही. जाऊ दे, बाळा."

आबांच्या मनाने क्षमा केली. त्यांच्या अंगाला मात्र ते जमलं नाही. सटवाजी ताट घेऊन मागून आला आणि त्याची सावली भिंतीवर पडली, की म्हातारा अजूनही दचकून अंग चोरी. मग लेकाचा चेहरा दिसला की ओशाळून हसे. राजाच्या शिक्षेपेक्षा सटवाजीला ते हसणं जास्त लागे, आणि ते त्याला रोज पाहावं लागे.

तात्पर्य: नशेच्या हाती शस्त्र दिलं, की वैऱ्याला घरी यावं लागत नाही.